बारूखनं दुसऱ्यांदा लिहिलं, तूही लिही

प्रिय पोरी,
सलाम. तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच लागली नाही. दीड वर्ष म्हाताऱ्या बायकांच्या घरी जाऊन जुनी भजनं, आठवणी उतरवून घेतल्यास आणि मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, लोकांनी वही रद्दीत घातली. आता विचारतेस, काका, माझी किंमतच नाही, सोडून देऊ का.

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा ४५वा अध्याय काढ. पाचच वचनं आहेत, सगळी एका बारूखसाठी. यिर्मया संदेष्टा सांगायचा, हा त्याचा लेखक, लिहायचा. 'तो तोंडानं सांगत गेला, मी शाईनं लिहीत गेलो' असं त्यानं सरदारांना सांगितलं, आणि इब्री (हिब्रू) शास्त्रात शाईचा उल्लेख तेवढाच! यिर्मयाला मंदिरात जायची बंदी, म्हणून उपासाच्या दिवशी भर मंदिरात वाचायलाही हाच उभा राहिला. मग तो पट, म्हणजे लिहिलेली गुंडाळी, यहूदाच्या यहोयाकीम राजापुढे गेला. नववा महिना, थंडी, समोर शेगडी पेटलेली. तीनचार रकाने वाचून झाले की चाकूनं कापायचे आणि शेगडीत टाकायचे, असं करत अख्खा पट जाळला. तिघा सरदारांनी विनवलं, जाळू नका, राजानं ऐकलं नाही, उलट यिर्मया आणि बारूखला पकडायचा हुकूम सोडला.

आता नीट बघ. ४५ मधलं बारूखचं रडणं, मी कण्हून कण्हून थकलो वगैरे, ते राजाच्या चौथ्या वर्षातलं, म्हणजे पहिला पट लिहितानाचं. देवानं तेव्हाच बजावलं, स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधू नकोस. पट जळला तो पाचव्या वर्षी. जळल्यावर बारूख काय म्हणाला? एक शब्द नाही. यिर्मयानं दुसरा पट दिला आणि यानं परत लिहिलं. दुसऱ्यांदा लिही, मी एवढंच सांगतोय.

मी नाही लिहिलं गं. आमच्या म्हाताऱ्या पाळकांची प्रवचनं मी चार वह्यांत उतरवली होती, पावसात छप्पर गळलं, लगदा झाला. ते म्हणाले, बस, परत सांगतो. मी गेलो नाही. नाइट शिफ्ट होती, आई अंथरुणाला खिळलेली, हे काही खोटं नाही, आणि त्या वयात कुणीही तेच केलं असतं असं मला अजूनही वाटतं. पण रविवारी दोन तास निघाले असते. पाळक वारले, आता त्या प्रवचनांतलं एक वाक्य धड आठवत नाही मला.

त्यामुळे 'माझी किंमत नाही' हे मला ऐकवू नकोस, राग येतो. बारूखची तरी कुठे होती? दुसऱ्यांदा लिही. शेवटचं वचन वाच यिर्मयाच्या ३६व्या अध्यायातलं, पट जळाल्याची गोष्ट तिथेच आहे, दुसऱ्या पटात जळालेलं सगळं आलंच, वर तशीच आणखी पुष्कळ वचनं घातली. त्या आज्यांनाही यावेळी जास्त आठवेल, एकदा सांगून झालंय ना, मन मोकळं झालेलं असतं.

सगळ्यात थकलेली कोण आहे, तिच्याकडे आधी जा. सकाळी जा, दुपारी त्या झोपतात. आणि यावेळी रोज घरी आल्यावर पानांचे फोटो काढून मला पाठव.

तुझा काका