सत्तरीच्या आईला घेऊन मुंबईहून एका दिवसात माथेरान होईल का?

होईल, फक्त पहाटे निघा. कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरा आणि तिथून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जा. त्यापुढे गाड्यांना बंदी आहे. वरचा रस्ता लाल मातीचा, आईच्या गुडघ्यांना चढ जड जाईल, म्हणून दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून माथेरान बाजारापर्यंत शटल मिनी ट्रेन धरा. थेट नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन मोजक्याच फेऱ्या करते आणि वेळही बराच खाते. तरी तिचं रूप स्टेशनात थांबून बघाच. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही दोन फुटी रुळांची लाइन 1907 साली सुरू झाली.

सगळे पॉइंट पालथे घालायच्या भानगडीत पडू नका. शार्लोट तलाव आणि जवळचा एखादा पॉइंट, बस्स. झाडीतून सावकाश चालणं हेच खरं माथेरान. हॉर्न नाही, धूर नाही, आपल्या पावलांचा आवाज ऐकू येतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये इथे थंड हवेचं ठिकाण वसवायला घेतलं, पण त्याआधीपासून या डोंगरावर ठाकर, धनगर, कातकरी वावरत होते. लुइझा, अलेक्झांडर ही पॉइंटांची नावं वाचताना तेवढं आईला जरूर सांगा.

माकडांपासून खाऊची पिशवी जपा. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम, शटलच्या तिकिटाला मोठी रांग लागते. परतीच्या शेवटच्या शटलची वेळ वर पोचल्याबरोबर खिडकीवर विचारून ठेवा.