रेड अलर्ट होता म्हणून ऑफिसला गेलो नाही, तर कंपनीने पगार कापला. असं करता येतं का?

प्रश्नातला तपशील आधी एका जागी मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही राहता पालघर जिल्ह्यात, ऑफिस फोर्टला. त्या दिवशी पालघरला रेड अलर्ट, मुंबईला ऑरेंज. महापालिकेने खासगी कार्यालयांना घरून काम देण्याचं आवाहन केलं होतं. मॅनेजरने सकाळी ग्रुपवर ‘सगळ्यांनी यायचं आहे, इथे पाऊस नाही’ असं टाकलं. तुम्ही निघाला नाहीत. दुसऱ्या दिवशी निघालात, पण गाडी रखडली आणि ४० मिनिटं उशीर झाला. पगाराच्या स्लिपवर पहिल्या दिवसाची पूर्ण आणि दुसऱ्या दिवसाची अर्धी एलडब्ल्यूपी, म्हणजे बिनपगारी रजा, लागली.

पहिल्या दिवसाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही काम केलं नसेल, रजा मागितली नसेल किंवा ती शिल्लकच नसेल, तर त्या एका दिवसाचा पगार कापायला कायदा आडवा येत नाही. आवाहन म्हणजे आदेश नव्हे. १९ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत हेच झालं होतं: सरकारी-निमसरकारी कार्यालयांना सुट्टी आणि खासगी कार्यालयांना घरून काम देण्याची सूचना. २ जुलै २०१९ ला तर राज्य सरकारने सार्वजनिक सुट्टीच जाहीर केली होती. पण तशी सुट्टी खासगी कंपनीला आपोआप बांधत नाही. बांधतो तो आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली काढलेला लेखी आदेश. तो मोडला तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यातून कुणाचा जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत. म्हणून बातमी वाचून थांबू नका, मूळ पत्रक शोधा. त्यात ‘आवाहन करण्यात येत आहे’ लिहिलंय की ‘आदेश देण्यात येत आहे’, कोणत्या कायद्याचं कलम आहे आणि सही कोणाची, एवढं पाहिलं की तुमची बाजू किती भक्कम आहे ते कळतं.

दुसऱ्या दिवसाच्या अर्ध्या पगारावर मात्र कंपनी चुकली आहे, आणि मुख्यतः त्यासाठीच मी लिहायला बसलो. मस्टर आणि पगारपत्रकं तपासणं हा माझा धंदा आहे. पावसाळ्यानंतरच्या पगारपत्रकांत हा प्रकार इतका सर्रास असतो की कामगारांनाही तो नियमच वाटायला लागला आहे. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. जुन्या पगार प्रदान कायद्याच्या कलम ९ मध्ये हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम २० मध्येही आहे. समजा पगार २६,००० आणि कंपनी २६ ने भागते. दिवसाचे १,००० झाले, आठ तासांचा दिवस धरला तर तासाचे १२५. मग ४० मिनिटांचे ८३ रुपये होतात. तुमच्या कंपनीच्या रीतीने कापले जातात ५००. वरचे ४१७ रुपये कापायला कसलाही आधार नाही. ‘दंड म्हणून कापले’ असं म्हणायची सोय नाही, कारण दंड ज्या चुकांसाठी करायचा त्यांची यादी सरकारकडून आधी मंजूर लागते, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि दंडाची मर्यादा पगाराच्या तीन टक्के आहे. ‘तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस’ हा नियम कंपनीच्या पुस्तिकेत छापला म्हणून कायदेशीर होत नाही.

जाता जाता भागाकारही तपासा. कापताना २६ ने भागणारी कंपनी ओव्हरटाइम देताना ३० ने भागत असेल, तर ती उघड लबाडी आहे.

आता ज्या मुद्द्यावर लेखापालांशी आणि मालकांशी वर्षानुवर्षं वाद चालतो तो. अतिवृष्टीच्या दिवशी न आलेल्या माणसासमोर मस्टरवर कोणतं अक्षर टाकायचं? त्यांचं म्हणणं, पी (हजर) किंवा ए (गैरहजर), तिसरं काही नाही. माझं ठाम मत, तिसरं अक्षर हवंच. आपत्तीच्या दिवसासाठी वेगळा कोड असावा आणि तो पगारी असावा. कारण ‘ए’ एकदा पडला की त्याची पिल्लं निघतात. सॉफ्टवेअर महिन्याचा पूर्ण हजेरीचा भत्ता आपोआप काढून टाकतं. रविवारला लागून आलेला ‘ए’ असेल तर बऱ्याच ठिकाणी सँडविचचा नियम लागून रविवारही जातो. वर्षाअखेरीला मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘अनियमित’ असा शेरा येतो आणि तोपर्यंत त्या दिवशी रुळांवर पाणी होतं हे कुणाच्याही लक्षात राहिलेलं नसतं.

मालक म्हणतात, एकदा दिलं की दरवेळी मागतील. हिशेब करून बघा. शंभर माणसांची कंपनी, वर्षात असे तीन दिवस, प्रत्येक दिवशी चाळीस माणसं पोहोचू शकली नाहीत. झाले १२० दिवस. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर एकूण ३०,००० मनुष्यदिवस. म्हणजे ०.४ टक्के. एवढ्यासाठी माणसाला गुडघाभर पाण्यातून, झाकण उघडं असलेल्या मॅनहोलच्या बाजूने चालायला लावायचं? महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली वर्षाला आठ किरकोळ रजा असतातच, तिथून वळती करा असंही सुचवतात. तो दुसरा पर्याय म्हणून ठीक आहे, पण ती रजा कामगाराच्या अडीअडचणीसाठी आहे, आभाळाच्या नाही.

पुढच्या वेळेसाठी काय करायचं ते सांगतो, कारण भांडण त्या सकाळच्या मेसेजवर जिंकलं किंवा हरलं जातं. नेहमी निघायच्या वेळेच्या आधी मेसेज गेला पाहिजे. नंतर गेलेला मेसेज सबब ठरतो. फोन केलात तरी मागून लेखी टाकाच. अलर्टचा स्क्रीनशॉट स्वतःच्या जिल्ह्याचा हवा. हवामान खातं मुंबई, ठाणे, पालघर, रायगड यांचे इशारे वेगवेगळे देतं, आणि मॅनेजर नेमका मुंबईचा दाखवतो. तीन तासांचा तातडीचा इशारा वेगळा असतो, तो वेळेसकट घ्या. लोकल बंद असल्याची रेल्वेची सूचना, घराजवळच्या पाण्याचा एक फोटो. शब्द साधे ठेवा:

‘पालघर जिल्ह्यात आज रेड अलर्ट आहे. सकाळी ६.१० ला आमच्या स्टेशनवर गाड्या बंद असल्याची घोषणा झाली. प्रवास सुरक्षित नाही. लॅपटॉप घरी आहे, ९.३० पासून काम सुरू करतो. हे मान्य नसेल तर आजची किरकोळ रजा धरावी. कृपया उत्तर द्या.’

शेवटून दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. त्याने कंपनीला दोन पर्याय मिळतात, आणि ‘न कळवता गैरहजर’ हा तिसरा बंद होतो. काम खरंच केलं असेल तर दिवसभरातल्या ईमेल आणि फाइलींच्या वेळा जपून ठेवा. घरून केलेल्या आणि कंपनीने वापरलेल्या कामाचा दिवस गैरहजेरीत टाकता येत नाही.

एक चूक कटाक्षाने टाळा. ग्रुपवर ‘आज कुणीच जायचं नाही’ असं लिहू नका. दहा किंवा जास्त जणांनी ठरवून, पूर्वसूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय दांडी मारली, तर नोकरीच्या अटींत तशी तरतूद असल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा कायद्यात आहे. रेड अलर्ट हे वाजवी कारण आहेच, पण ते सिद्ध करत बसायची वेळ कशाला आणायची? प्रत्येकाने आपापला मेसेज आपापल्या कारणासह पाठवावा.

कारखान्यात काम करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे तुम्ही वेळेवर गेटवर पोहोचलात, पण पाणी शिरल्यामुळे किंवा वीज गेल्यामुळे दोन तासांत काम दिलं नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ, म्हणजे मालक काम देऊ न शकल्याने पडलेला खाडा, धरला जातो. नैसर्गिक आपत्ती हे ले-ऑफच्या व्याख्येतलंच कारण आहे. पन्नास किंवा जास्त कामगार असतील आणि तुमची एक वर्षाची सलग सेवा असेल, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. ‘दुपारनंतर या’ म्हणून सांगितलं आणि गेल्यावरही काम दिलं नाही, तर त्या उरलेल्या भागाचा मूळ पगार आणि भत्ता पूर्ण द्यावा लागतो. हे सगळं हजेरीवर अवलंबून आहे. म्हणून गेटवरून नुसतं परत फिरू नका. पंच चालत नसेल तर सिक्युरिटीच्या वहीत नाव, वेळ, सही करा आणि त्या पानाचा फोटो काढा. ठेकेदाराच्या माणसांना तर वहीपर्यंत जाऊच देत नाहीत. त्यांनी गेटवरच्या पाटीसकट फोटो घ्यावा आणि लगेच सुपरवायझरला पाठवावा, म्हणजे वेळ नोंदली जाते.

‘इथे पाऊस नाही’ या वाक्याचा मला मनापासून राग आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४. फोर्टातल्या खिडकीतून जे दिसतं त्यावर विरार-कर्जत-पनवेलच्या माणसाचा निर्णय घेता येत नाही, हे त्या दिवशी कायमचं ठरलं. आणि धोका येण्यापेक्षा परतताना जास्त. दुपारी चारला घाबरून सगळ्यांना एकदम सोडणं हा सर्वांत वाईट निर्णय. १९ ऑगस्ट २०२५ ला हार्बर लाइन बंद पडली, गर्दी मोनोरेलमध्ये घुसली आणि संध्याकाळी ती म्हैसूर कॉलनीजवळ अडकली. १०४ टनांची क्षमता, वजन १०९ टन. ५८२ प्रवाशांना त्या गाडीतून उतरवावं लागलं. त्या गर्दीत ऑफिसातून उशिरा सुटलेले किती असतील ते तुम्हीच बघा.

हाँगकाँगमध्ये वादळाचा आठ नंबरचा सिग्नल लावायच्या आधी दोन तासांच्या आत वेधशाळा तशी पूर्वसूचना देते, आणि तिथल्या कामगार खात्याची संहिता सांगते की लांब राहणाऱ्यांना आधी, टप्प्याटप्प्याने सोडा. आपल्याकडे हे कुठल्याही एचआरला उद्यापासून करता येईल. पहाटे साडेपाचला हवामान आणि तिन्ही लाइन पाहायच्या, सहाला मेसेज टाकायचा. साडेनऊच्या शिफ्टला कर्जत-कसारा-विरारचा माणूस सात वाजेपर्यंत घराबाहेर पडलेला असतो. आठला आलेल्या ‘आज सुट्टी’ने तो वाटेतच अडकतो. सायंकाळसाठी भरतीची वेळ पाहायची. भरती साडेचार मीटरच्या वर आणि जोरात पाऊस, असा योग असेल तर भरतीच्या दोन तास आधी लांबच्यांना सोडायचं किंवा मग ओसरेपर्यंत आत ठेवायचं. आत ठेवायचं तर जेवण, पिण्याचं पाणी, चालू शौचालय आणि महिलांसाठी वेगळी खोली. रात्री साडेनऊनंतर महिलांकडून काम घ्यायला त्यांची संमती आणि घरापर्यंत गाडी लागते, पाऊस असो वा नसो.

निर्णय कोण घेतो, हे लेखी असणं का गरजेचं ते तौक्ते वादळाने दाखवलं. १७ मे २०२१ ला मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्रावरचं पी-३०५ बार्ज, म्हणजे कामगारांच्या मुक्कामाचं तरंगतं जहाज, बुडालं. त्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. वादळाचे इशारे आधीपासून येत होते. बार्जवरचा वेल्डर ‘मी आज येत नाही’ असा मेसेज टाकू शकत नव्हता. त्याच्या वतीने निर्णय घेणारा जो कोण होता, त्याच्यावरच सगळं होतं.

वाटेत अपघात झाला तर? घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसला तर, कामाच्या ओघातला धरला जातो. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा कायद्यात ही तरतूद २०१० मध्ये आली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कर्मचारी भरपाई कायद्यालाही लावली. प्रकरण आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातलं: साखर कारखान्याचा पहारेकरी, पहाटे तीनची ड्युटी, २००३ साली कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर गेलेला जीव. बावीस वर्षं लागली. म्हणून ‘सगळ्यांनी यायचं आहे’ हा मॅनेजरचा मेसेज डिलीट होण्याआधी जपून ठेवा. असा मेसेज आलेल्या दिवशी वाटेत काही झालं, तर तुम्ही कामासाठीच निघाला होतात याचा तो पुरावा ठरतो.

तुमच्या ४१७ रुपयांसाठी आधी एचआरला ईमेल करा: तारीख, उशिराची मिनिटं, वरचा हिशेब आणि ‘जादा कपात परत करावी’ एवढंच. पंधरा दिवस थांबा. मग कामगार आयुक्त कार्यालयात दावा. वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देता येते आणि पगार बरोबर दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. जुन्या कायद्यात २४,००० च्या वर पगार असणारे बाहेर राहायचे. संहितेत ती मर्यादा नाही, तेव्हा ‘तुम्ही स्टाफ आहात, कामगार नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

हे सगळं कायम नोकरीवाल्यांसाठी झालं. रुग्णालय, पाणीपुरवठा, वीज, अग्निशमन यांना हे जसंच्या तसं लागू होत नाही, त्यांना यावंच लागतं. त्यांच्यासाठी आदल्या रात्री मुक्कामाची सोय आणि गाडी मागा. आणि डिलिव्हरीवाल्या मुलांना यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यांना पावसात जास्त पैसे दाखवून बाहेर काढतात. रेड अलर्टच्या दिवशी ॲपवरून जेवण मागवू नका.