पोरं 25 तारखेनंतरच जागी होतात

प्रश्न : नमस्कार सर, कराडला फरसाण-बिस्किटांची एजन्सी आहे, सहा सेल्समन. महिनाभर बीटवर (ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर) ढिम्म, मग शेवटच्या पाच दिवसांत दुकानदारांच्या गळ्यात माल मारतात आणि पुढच्या महिन्यात तोच माल रिटर्न येतो. इन्सेंटिव्ह वाढवला, ग्रुपवर रोज आकडे टाकून झापतोय, तरी फरक नाही. वर सगळ्यात चांगला पोरगा गेल्या महिन्यात सोडून गेला. काय करू? – एक वाचक

उत्तर : दादा, राग मानू नका पण ही सवय पोरांना तुमच्याच इन्सेंटिव्हच्या स्लॅबने (टप्प्यांनी) लावलीय. समजा टार्गेट 5 लाख आणि त्याच्या खाली इन्सेंटिव्ह शून्य, तर 25 तारखेला साडेतीन लाखावर असलेला पोरगा दोनच गोष्टी करणार, एकतर ओळखीच्या दुकानात माल कोंबणार नाहीतर हात टेकून पुढच्या महिन्याची वाट बघणार. इन्सेंटिव्ह पहिल्या बिलापासून थोडा थोडा चालू करा, हिशोब आठवड्याला दाखवा, आणि इन्सेंटिव्ह रिटर्न मालाची रक्कम वजा करून, वसूल झालेल्या रकमेवरच द्या. एवढ्यानेच माल कोंबणं बरंच कमी होईल.

आता पेट्रोल. बीट रोज 60 किमी असेल आणि गाडी 45 चं अॅव्हरेज देत असेल तर 105 च्या भावाने 140 रुपये झाले, तुम्ही भत्ता 80 देत असाल तर तो रोज 60 स्वतःच्या खिशातून घालतो, 26 दिवसांचे 1560. मग लांबच्या वाडीवरची चार दुकानं तो का करेल? घरी बसून फोनवर ऑर्डर घेणार आणि तुम्हाला व्हिजिट लिहून देणार.

ग्रुपवर झापणं आजच बंद. कौतुक चारचौघात करा, कानउघाडणी केबिनमध्ये. आणि एक दिवस प्रत्येकाच्या मागे गाडीवर बसून पूर्ण बीट फिरा, पण दुकानात तोंड उघडायचं नाही, मालक बोलायला लागला की दुकानदार पोराला विचारतच नाही. 40 दुकानांत किती बिलं फाटतात, दुकानदार कुठल्या जुन्या क्लेमवरून (खराब मालाच्या राहिलेल्या भरपाईवरून) त्याला धुतो, ते तिथंच कळेल. मुदत संपून अडकलेल्या मालाच्या शिव्या पोरगा खातो हो, आपण नाही.

गेलेल्या पोराला फोन करा. परत ये म्हणायला नाही, का गेलास ते विचारायला, आणि तो बोलेल तेव्हा मध्ये स्वतःची बाजू मांडू नका.