टोपलीत रोजी धरली का?

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया (गावोगावच्या जत्रा) भरतील, आणि थंडी पडली की शहरांतली प्रदर्शनं सुरू होतील. स्टॉल मिळण्याआधीच कारागिरांची आणि बचत गटांची विक्रीबद्दलची पत्रं आली, हे बरं झालं. माल विकून परत आल्यावर येणाऱ्या पत्रांत बहुधा हिशेब नसतो, नुसता राग असतो.

आमच्या गटाच्या रंगीत बांबू टोपल्या आम्ही 150 रुपयांना विकतो. शहरातलं गिऱ्हाईक म्हणतं, ‘शंभरला द्या.’ किती खाली यावं?
– बचत गटातील ताई, धारणी

ताई, खाली यायचा प्रश्नच नाही, कारण तुम्ही आत्ताच खड्ड्यात आहात. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरूनच मांडतो. बांबू 40 रुपये, रंग आणि दोरी 15. स्टॉल, प्रवास, मुक्काम, जेवण मिळून 8,000 खर्च आणि विक्री 160 नगांची, म्हणजे नगामागे 50. झाले 105. उरले 45. एक बाई दिवसाला दोन टोपल्या विणते, म्हणजे तिच्या हाती दिवसाचे 90 रुपये. 2025-26 साठी राज्यात रोजगार हमी योजनेची मजुरी 312 रुपये ठरली होती, आणि तिथे तर विणकाम येण्याचीही अट नाही. शंभरला दिलीत तर टोपलीमागे पदरचे 5 रुपये जातील.

आता उलट मांडा. आधी रोजी धरा, समजा 400. नगाला 200. त्यात 105 मिळवा, 305 झाले. न विकलेला, दबलेला माल आणि गटाची गंगाजळी यांसाठी आणखी 45. भाव 350. ‘घरीच तर बसून विणतो’ असं म्हणून रोजी वगळायची सवय आपल्याकडे फार आहे. तिचा फायदा फक्त गिऱ्हाइकाला होतो.

350 ला कोणी घेणार नाही असं वाटत असेल, तर टोपली लहान करा, रोजी नको. 50 ते 100 रुपयांच्या वस्तू, कानातले, कीचेन, पुढे मांडा. त्या बघायला थांबलेलं माणूस मग टोपलीकडे वळतं. प्रत्येक नगावर किंमत लिहा. आणि स्टॉलवर बसणाऱ्या दोघींनी एकच भाव सांगा. एक 350 म्हणते आणि दुसरी मागून ‘300 ला देऊन टाक ना’ म्हणते, तेव्हा गिऱ्हाईक 250 पासून बोलायला लागतं.

मंडईत बसावं की नागपूरला जावं? दोन्हीकडे जायला माणसं नाहीत.
– बुरूडकाम करणारे वाचक, लाखांदूर तालुका

दादा, तुम्ही सुपं आणि टोपल्या करता. मग मंडईच. मंडईला लेकी-जावई येतात, रात्री नाटक असतं, दिवसा घरच्या वस्तूंची खरेदी होते. तिथल्या बाईला सूप हातात घेऊन पाखडून बघता येतं, तिला काही समजावून सांगावं लागत नाही. खर्चही एका दिवसाचा.

नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यासारख्या ठिकाणी अनेक राज्यांचे कारागीर शेजारी असतात. तिथे दिवे, ट्रे, भिंतीवरच्या वस्तू चालतात. तुमचं सूप तिथे विकलं गेलं तरी ते भिंतीवर टांगलं जाईल! त्यात वाईट काही नाही, पण तसं सूप वेगळं करावं लागतं. लहान, रंगीत, कडा घट्ट बांधलेलं. यंदा मंडई करा. त्यातच अशी दहा सुपं करून नागपूरला जाणाऱ्या एखाद्या गटाकडे द्या आणि काय होतं ते बघा.

प्रदर्शनात घेतलेल्या लॅम्पमधून पिवळी भुकटी पडते, अशी दोन गिऱ्हाइकांची तक्रार आली. काय करावं?
– बांबू कारागीर, मूल

भाऊ, तो भुंगा आहे, आणि तो बहुतेक तुमच्या घरातूनच गेला आहे. बांबूतल्या पिठूळ अंशासाठी तो आत शिरतो. कोवळ्या बांबूला आणि पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला तो जास्त लागतो. म्हणून तोड हिवाळ्यातच, आणि बांबू तीन वर्षांच्या पुढचा. ज्या काठीवर अजून पोंगा (कोवळ्या काठीभोवतीचं आवरण) किंवा पांढरी भुकटी आहे ती सोडून द्या, कितीही सरळ असली तरी.

तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत चांगली आहे. पिठूळ अंश धुऊन जातो. शोभेच्या वस्तूंसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या साधारण पाच टक्के द्रावणात बांबू भिजवतात, मग सावलीत वाळवतात. चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र तुम्हाला लांब नाही, तिथे हे काम डोळ्यांनी बघून या. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हे औषध पाण्यात विरघळतं, म्हणून वस्तू पावसात राहिली तर उपयोग संपला. आणि सूप, भाकरीची टोपली, धान्याची कणगी, अशा खाण्याशी संबंध येणाऱ्या कोणत्याही वस्तूला ते लावू नका. तिथे पाणी आणि धूरच बरा.

त्या दोन गिऱ्हाइकांना नवे लॅम्प द्या, जुने परत घ्या आणि घरातल्या मालापासून लांब ठेवा. एका नगाचं नुकसान परवडतं. ‘मूलचा बांबू किडतो’ ही बोलवा पसरली तर शेजारच्या कारागिराचाही धंदा बसतो.

कोसाच्या (टसर रेशमाच्या) साडीला लोक ‘पॉलिस्टर आहे’ म्हणतात. पटवायचं कसं?
– विणकर कुटुंबातील वाचक, मोहाडी तालुका

ताण्याचे, म्हणजे उभे, उरलेले धागे स्टॉलवर ठेवा. एक जाळून दाखवा. कोसा जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. साडी मात्र काडेपेटीपासून लांब ठेवा, उत्साहात भान राहत नाही. ऐन किंवा अर्जुनाच्या पानांवरच्या अळीचे चार कोशही मांडा, मुलं हमखास थांबतात आणि मुलांबरोबर आई. करवतकाठी साडीच्या काठावरचे करवतीसारखे दाते हाताने, तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या नळ्यांनी) कसे येतात ते फोनवरच्या छोट्या व्हिडिओत दाखवा. सिल्क मार्क (अस्सल रेशमाची खूण) असेल तर तो डोळ्यासमोर लावा, पिशवीच्या आत नको.

हैदराबादच्या प्रदर्शनाला माल न्यायचा आहे. जीएसटी नंबर नाही.
– गट समन्वयक, सिरोंचा

हस्तकलेच्या अधिसूचित (सरकारने जाहीर केलेल्या) यादीतल्या वस्तू परराज्यात विकायला, वर्षाची एकूण विक्री 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीतून सूट आहे. बांबूच्या वस्तू त्या यादीत आहेत. पण पॅन हवा, आणि माल कितीही थोडा असला तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला) काढावं लागतं. हे काम निघायच्या आदल्या रात्री करू नका.

मागच्या प्रदर्शनात भेटलेला पुण्याचा दुकानदार दिवाळीपर्यंत 500 टोपल्या मागतोय. आम्ही दहा जणी आहोत. ‘हो’ म्हणू का?
– बचत गट, कुरखेडा

दहा जणी, दिवसाला दोन, म्हणजे 20 टोपल्या. 500 ला 25 दिवस, आणि तेही कोणी आजारी पडलं नाही, कोणाच्या घरी लग्न निघालं नाही तर. दिवाळीच्या तोंडावर धान कापणीला येतो, तेव्हा निम्म्या जणी बांधावर असतील. शिवाय आत्ता, हिवाळ्याआधी तोडलेला बांबू भुंगा लागणाराच, वर मूलच्या भाऊंना सांगितलं तसं.

म्हणून आधी घरात हिवाळ्यातला किती बांबू शिल्लक आहे तो मोजा आणि तेवढ्याच टोपल्यांना हो म्हणा. 150 निघाल्या तर 150. उरलेल्या मार्चमध्ये देऊ, असं त्यांना लिहून कळवा. नमुन्याची एक टोपली त्यांच्याकडे आणि तशीच एक तुमच्याकडे राहू द्या, दोन्हींवर तारीख आणि सही, म्हणजे ‘रंग असा नव्हता’ हा वाद नको. निम्मी रक्कम आगाऊ मागा. ती गटाच्या खात्यात जमा झाल्याचं पासबुकात दिसेपर्यंत रंगाची पुडीही विकत आणू नका.