तक्रार मुलाने केली, नोटीसही त्यालाच आली. टीसी काढायची का?

नमस्कार भाऊ,

वसतिगृहात सीनियर पोरांनी पहिल्या वर्षाच्या मुलाला पट्ट्याने मारलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या तुमच्या मुलाने ते रेक्टरला लेखी कळवलं, आणि आठवडाभराने त्यालाच 'शिस्तभंगा'ची नोटीस आली. माफीनामा देऊन टीसी काढावी का, असं तुम्ही दारव्ह्याहून विचारलंत.

दोन्ही करू नका. माफीनामा म्हणजे कबुली. आणि अर्ध्या वर्षात टीसी काढली की सेमिस्टरही अडकतं, शिष्यवृत्तीही.

रॅगिंग पाहून तक्रार करणाऱ्याची ओळख जपायची आणि केवळ तक्रार केली म्हणून त्याला त्रास होऊ द्यायचा नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या विनियमांत आहे. पण कॉलेज नोटिशीत तसं कधी लिहीत नाही. रात्री उशिरा आला, मोबाइलवर व्हिडिओ काढला, असं दुसरंच कारण दाखवतं. म्हणून सगळी मदार तारखांवर: तक्रार आधी, नोटीस नंतर.

रेक्टरला दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का आहे का बघा. नसेल, तर त्या अर्जाचा हवाला देऊन प्राचार्यांना नवा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बाबू 'ठेवून जा, साहेब बघतील' म्हणाला, तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवरही नोंद करून तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

नोटिशीचं उत्तर मुदतीत, एका पानात. आरोप मान्य नाही. तक्रार या तारखेची, नोटीस त्या तारखेची. कोणता नियम कधी मोडला ते लेखी द्या, म्हणणं मांडायची संधी द्या. मेसच्या पातळ वरणाचं गाऱ्हाणं यात घालू नका, खरं असलं तरी.

व्हिडिओ असेल तर मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरवलात तर त्या प्रतीतून काढल्याची मूळ वेळ पुसली जाते, मार खाणाऱ्या मुलाची ओळख उघडी पडते, आणि कॉलेजला खरंखुरं कारण मिळतं.

राज्याच्या १९९९ च्या रॅगिंग कायद्यानुसार प्राचार्यांनी तक्रारीची ७ दिवसांत चौकशी करायची असते. ती न करता मुलालाच शिक्षा दिली, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. तिला कामकाजाच्या १५ दिवसांची मुदत आहे. त्यापुढे विद्यापीठाचे लोकपाल. वकील लागला तर १५१०० या सरकारी विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत असेल तर तो मोफत मिळतो.

तोवर मुलाचा एकही तास बुडू देऊ नका. हजेरी कमी पडली, तर परीक्षा त्याच कारणाने अडवतील आणि नोटिशीचा संबंध दाखवणं अवघड होईल.