सड्यावर काम करायचंय? सातबारा वाचायला शीक

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पीएचडी करतोयस, छानच. पण पुढे संवर्धन संशोधनाचा गट चालवायचा असेल, तर वनस्पतींच्या नावांइतकाच सातबारा वाचता आला पाहिजे. सडा कागदोपत्री अनेकदा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निकामी जमीन, असतो. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवं, दवबिंदू अशा कीटकभक्षी वनस्पती फुलतात, हे तलाठ्याला आणि सरपंचाला तिथे नेऊन दाखवणं तुझंच काम. मार्चमधला सुका सडा पाहून मत बनवू नकोस, आणि कुणाला बनवू देऊ नकोस. गुराख्यांना सोबत घे. अहवालात त्यांची नावं घाल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं कासवसंवर्धन २००२ मध्ये ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने सुरू केलं, पण ते टिकलं गावकऱ्यांच्या साथीमुळे. आणि हो, अहवाल मराठीतही लिही, ग्रामसभेत तोच उपयोगी पडेल.