जीमेलमध्ये जाहिरातींच्या मेलचा पूर आलाय. ‘अनसबस्क्राइब’ (म्हणजे ‘हे मेल पाठवणं बंद करा’) दाबणं सुरक्षित आहे का?

आधी मेल कुणाचा आहे ते बघा. जिथे तुम्ही स्वतः खरेदी केली किंवा खातं उघडलं, त्यांचा असेल तर बिनधास्त दाबा. पण मेलच्या तळाशी असलेली बारीक अक्षरातली लिंक शोधत बसू नका, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः जे ‘अनसबस्क्राइब’ दाखवतं ते वापरा. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना ही एका क्लिकची सोय देणं गूगलने २०२४ पासून सक्तीचं केलंय.

ओळखीचाच नसलेला मेल, लॉटरी, ‘तुमचं केवायसी आज बंद होणार’ असलं काही असेल, तर आतल्या कशालाही हात लावू नका. तिथलं ‘अनसबस्क्राइब’सुद्धा नाही! ते दाबलं की हा पत्ता चालू आहे, हे समोरच्याला कळू शकतं. कधी ती लिंक थेट खोट्या लॉगिन पानावर नेते. सरळ ‘रिपोर्ट स्पॅम’ करा. अनसबस्क्राइब करताना कुणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर पान लगेच बंद करा.

माझ्या आईच्या फोनवर वीजबिलाचा मेल अशाच साड्यांच्या सेलखाली गाडला गेला आणि दंड बसला. तेव्हापासून मी तिच्यासाठी एक गोष्ट केली, तुम्हीही करा: दुकानात पत्ता देताना @ च्या आधी +खरेदी असं, पण इंग्रजी अक्षरांत, जोडायचं. मेल तुमच्याकडेच येतो, आणि त्या पत्त्यावर जीमेलमधला फिल्टर (मेल आपोआप वेगळे करायचा नियम) लावला की सगळं वेगळ्या लेबलखाली, म्हणजे फोल्डरसारख्या कप्प्यात जातं. काही वेबसाइट + चिन्ह घेत नाहीत, तिथे खरेदीसाठी दुसरं खातंच ठेवा.